निळी स्क्रीन येतेय, आणि रिकव्हरी पण मधेच क्रॅश होतेय, विंडोज परत कसं आणू?

अक्षरजुळणी
सोमवार, रात्री ११.४०

मंडळी, मदत हवीये आणि जरा लवकर हवीये. माझा डेस्कटॉप आहे, विंडोज ११, एनव्हीएमई एसएसडी, पुस्तकांच्या मांडणीचं काम करते त्यावर. शनिवारी दुपारी काम चालू असताना स्क्रीन गोठली, माऊस हलेना, मग निळी स्क्रीन आली आणि मशीन आपोआप रीस्टार्ट झालं. परत चालू केलं तर लॉगिनच्या आधीच निळी स्क्रीन, असं दोनदा झालं आणि मग ते "प्रिपेअरिंग ऑटोमॅटिक रिपेअर" आलं. म्हटलं चला आता हे स्वतःच काहीतरी करेल, तर ते रिपेअर चालू असतानाच परत निळी स्क्रीन!!

मग रिकव्हरीच्या मेनूतून जे जे दिसलं ते केलं. स्टार्टअप रिपेअर मधेच बंद पडलं. सिस्टम रिस्टोअरने एरर दिली. शेवटी "रीसेट धिस पीसी" मधे "कीप माय फाइल्स" निवडून चालवलं, ते ३१ टक्क्यांवर गेलं आणि धाडकन रीस्टार्ट, मग "अनडूइंग चेंजेस" आणि आता तर तो रिकव्हरीचा मेनू पण धड येत नाही. काल बहिणीच्या लॅपटॉपवर मीडिया क्रिएशन टूलने पेन ड्राइव्ह बनवला, त्यावरून सेटअप चालू होतो पण एकदा "फाइल खराब आहे" म्हणून ८००७०५७० असा कोड देऊन थांबला आणि दुसऱ्यांदा परत निळी स्क्रीन. प्रत्येक वेळी कोड वेगळा आहे, मी लिहून ठेवलेत: मेमरी मॅनेजमेंट, पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया, आयआरक्यूएल नॉट लेस ऑर ईक्वल, आणि एकदा केमोड एक्सेप्शन असं काहीतरी.

बायॉस (विंडोजच्या आधीची मशीनची मूळ सेटिंग्ज) व्यवस्थित उघडतं, एसएसडी तिथे दिसते. डिस्कवर तीन पुस्तकांचं काम आहे, आणि बाबांची जुनी पत्रं स्कॅन करून ठेवलेली आहेत ज्यांचा बॅकअप अर्धाच आहे. बाबा आता नाहीत. विंडोज गेलं तरी चालेल पण ती पत्रं जायला नकोत. काय करू?

निळीशाई
सोमवार, रात्री ११.५८

एसएसडी गेलीय ताई. नवीन घ्या, त्यावर विंडोज टाका, जुनी बाहेरून जोडून जमेल तो डेटा काढा. माझं पण असंच झालं होतं, चार दिवस उगाच घालवले.

रात्रपाळी
मंगळवार, रात्री १२.३५

अक्षरजुळणीताई, सगळ्यात आधी एक करा, आता काहीच करू नका. परत रीसेट नको, परत सेटअप नको, आणि कोणी सांगितलं तरी चेक डिस्क, म्हणजे डिस्क तपासून दुरुस्त करणारी विंडोजची कमांड, तर अजिबात नको. का ते सांगतो, जरा लांबेल पण वाचा.

रिकव्हरी ही तुमच्या बिघडलेल्या विंडोजमधून चालत नाही. ती एक वेगळी छोटी विंडोज असते, विनआरई म्हणतात तिला, डिस्कच्या एका वेगळ्या पार्टिशनवर साधारण अर्ध्या जीबीची एकच फाइल असते, ती अख्खी रॅममध्ये उलगडते आणि तिथूनच चालते. म्हणून रिकव्हरीत कमांड प्रॉम्प्ट उघडला की सुरुवातीला सी ऐवजी एक्स ड्राइव्ह दिसतो, तो डिस्कवर नसतोच, तो रॅममध्ये असतो. म्हणजे तुमच्या सी ड्राइव्हवरचं विंडोज पार मोडून पडलं असलं तरी विनआरई सहसा निळी स्क्रीन देत नाही, ती फार तर म्हणेल की मला दुरुस्त करता येत नाहीये. आणि पेन ड्राइव्हवरचा सेटअप तर त्याहून वेगळा, त्याचा तुमच्या एसएसडीशी सुरुवातीला काही संबंधच नाही. तरी तो पण पडला.

मग विंडोज, विनआरई आणि पेन ड्राइव्ह या तिघांत सारखं काय आहे? रॅम, प्रोसेसर, मदरबोर्ड, पॉवर सप्लाय, ग्राफिक्स कार्ड. यातलंच काहीतरी आहे. त्यात तुम्ही कोड लिहून ठेवलेत ते फार बरं केलंत, कारण एखादा ड्रायव्हर किंवा एखादी फाइल बिघडली असेल तर बहुतेक वेळा तोच तोच कोड येतो, आणि दर वेळी वेगळा कोड, त्यातही मेमरी मॅनेजमेंट आणि पेज फॉल्ट, हे मी जितक्या वेळा पाहिलंय त्यात बहुतेक वेळा रॅम निघालीय. ते ८००७०५७० पण त्यातच बसतं. सेटअपची मुख्य फाइल काही जीबीची असते, ती उलगडताना रॅममध्ये एक बिट जरी उलटला तरी सेटअपला वाटतं फाइलच खराब आहे, आणि माणूस बिचारा पेन ड्राइव्ह बदलत बसतो.

निळीशाई, तुमचा अंदाज वेगळ्या लक्षणांना बरोबर आहे. एसएसडी जाते तेव्हा ती बायॉसमधून अधूनमधून गायब होते, किंवा सगळं भयंकर हळू होतं, किंवा इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस, म्हणजे बूटची डिस्कच सापडत नाही, असा कोड येतो. इथे पेन ड्राइव्हवरून पण पडतंय म्हणून मी आधी रॅमकडे बघतोय.

तर उद्या असं करा. मशीन बंद, मेन स्विच बंद, कीबोर्ड माऊस सोडून बाकी सगळं काढा, प्रिंटर, हब, बाहेरची डिस्क, सगळं. मग बहिणीच्या लॅपटॉपवरून मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम पेन ड्राइव्हवर टाका आणि त्यावरून बूट करा. मेमटेस्ट८६ प्लस नावाचं दुसरं पण आहे, ते पण चांगलंय, पण पहिलं घ्या म्हणतो कारण त्याच्यासाठी सिक्युअर बूट (बायॉसमधलं सही नसलेले प्रोग्राम अडवणारं सेटिंग) बंद करावं लागत नाही. चार पास, म्हणजे तपासणीच्या चार पूर्ण फेऱ्या, होऊ द्या. एकही एरर म्हणजे नापास, इथे "थोड्याशाच एरर आहेत" असं काही नसतं.

आणि एक प्रश्न, गेल्या महिन्याभरात मशीनमध्ये काही नवीन बसवलंय का? किंवा बायॉसमध्ये काही बदललंय का?

टर्मिनलवाला
मंगळवार, सकाळी ८.१०

रात्रपाळींशी सहमत, दोन गोष्टी जोडतो.

एक, कोणीतरी आता येऊन सांगेल की बायॉस डीफॉल्टला रीसेट करा. थांबा. आधी दोन गोष्टींचे फोटो काढून ठेवा: स्टोरेज कोणत्या मोडवर आहे ते, म्हणजे एएचसीआय की रेड की व्हीएमडी, आणि टीपीएम, म्हणजे किल्ल्या सांभाळणारी सुरक्षेची चिप, चालू आहे का ते. विंडोज एका मोडवर टाकलेलं असलं आणि बायॉस दुसऱ्या मोडवर गेलं की इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस येतं, म्हणजे एका दुखण्याची दोन होतात. आणि टीपीएम हललं की बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क एन्क्रिप्ट करणारं कुलूप, ४८ अंकी रिकव्हरी की मागतं.

दोन, ती की आत्ताच शोधून ठेवा. तुम्ही म्हणाल मी बिटलॉकर लावलंच नाही. विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती नव्याने टाकून मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं असेल तर होम आवृत्तीत पण डिस्क आपोआप एन्क्रिप्ट झालेली असू शकते. फोनवरून त्याच मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये जा, डिव्हाइसेसमध्ये रिकव्हरी कीज बघा, कागदावर उतरवा. १९ जुलै २०२४ ला सिक्युरिटी सॉफ्टवेअरच्या एका चुकीच्या अपडेटने जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज मशीन बंद पडली होती, तेव्हा उपाय तसा सोपा होता, रिकव्हरीतून जाऊन एक फाइल उडवायची, पण कित्येक ठिकाणी की हाताशी नसल्यामुळे त्या फाइलपर्यंत पोचताच येत नव्हतं. की नसेल तर पत्रं डिस्कवर सहीसलामत असूनही मिळणार नाहीत, आणि त्याला मागचं दार नाही.

अक्षरजुळणी
मंगळवार, दुपारी २.२०

की मिळाली!! अकाउंटमध्ये होती, मला माहीतच नव्हतं की डिस्क एन्क्रिप्टेड आहे. दोन ठिकाणी लिहून ठेवली.

आणि रात्रपाळी, तुमच्या प्रश्नाने माझ्या पोटात गोळा आला. तीन आठवड्यांपूर्वी मी रॅम वाढवली होती, आधी १६ जीबीची एक स्टिक होती, तिच्या जोडीला दुसरी १६ ची बसवली, वेगळ्या कंपनीची पण स्पीड तोच लिहिलेला, ३२००. नंतर तीन आठवडे नीट चाललं म्हणून माझ्या डोक्यातच आलं नाही की त्याचा संबंध असेल. मधे दोन-तीनदा ब्राउझर आपोआप बंद झाला होता, ते मी अपडेटवर ढकललं.

मेमटेस्ट लावलं. आठव्या मिनिटाला लाल ओळी सुरू झाल्या, आता शेकड्यात आहेत. थांबवू का?

रात्रपाळी
मंगळवार, दुपारी २.४५

थांबवा, कळायचं ते कळलं. आता कुठली स्टिक ते शोधायचं. मशीन बंद करा, मेन स्विच बंद, केसच्या धातूला हात लावून मग स्टिक काढा. एका वेळी एकच स्टिक, आणि दोन्ही वेळा त्याच स्लॉटमध्ये, नाहीतर स्टिक खराब की स्लॉट खराब ते कळणार नाही. प्रोसेसरपासून दुसरा स्लॉट वापरा, बहुतेक बोर्डवर एकट्या स्टिकसाठी तोच असतो, बोर्डाच्या पुस्तिकेत असेल.

आणि बायॉसमध्ये एक्सएमपी (रॅमला वाढीव स्पीडवर चालवणारं सेटिंग) चालू असेल तर बंद करून टेस्ट करा. डीडीआर४ मध्ये ३२०० हा स्पीड बऱ्याचदा एक्सएमपीचा असतो, तेव्हा व्होल्टेज १.२ चं १.३५ होतं, आणि दोन वेगळ्या स्टिक एकत्र त्या स्पीडला टिकतीलच असं नाही, कधीकधी दोन्ही स्टिक एकट्या चांगल्या असतात आणि जोडीनेच बिघडतात. ते पण तपासायला हवं, नाहीतर चांगली स्टिक उगाच फेकली जायची.

आणि हो, महत्त्वाचं, मोहात पडून आत्ता लिनक्सवरून बूट करून डेटा कॉपी करायला जाऊ नका. कॉपी होताना प्रत्येक फाइल रॅममधूनच जाते. खराब रॅमवर कॉपी केलेली पत्रं उघडतील पण काहींच्या मधे पट्टे आलेले असतील, आणि तुम्हाला वाटेल डेटा वाचला. आधी रॅम पास, मग कॉपी.

नवशिका२
मंगळवार, सायंकाळी ६.०५

मधेच घुसतोय, माफ करा, माझ्या लॅपटॉपचं पण रिकव्हरी होत नाहीये पण निळी स्क्रीन नाही, पेन ड्राइव्हवरून गेलो की डिस्कच दिसत नाही, यादी रिकामी. याला पण मेमटेस्ट लावू का?

टर्मिनलवाला
मंगळवार, सायंकाळी ६.३०

नको, तुमचं वेगळं आहे. इंटेलचा ११ व्या पिढीचा किंवा नंतरचा प्रोसेसर असेल तर बायॉसमध्ये व्हीएमडी चालू असणार, आणि सेटअपकडे त्याचा ड्रायव्हर नसतो म्हणून डिस्क दिसत नाही. लॅपटॉप बनवणाऱ्याच्या साइटवरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर उतरवा, उलगडून पेन ड्राइव्हवर एका फोल्डरमध्ये ठेवा, सेटअपमध्ये लोड ड्रायव्हरवर जाऊन तो फोल्डर दाखवा. व्हीएमडी सरळ बंद करू नका, आतलं जुनं विंडोज मग चालू होणार नाही. पुढे अडलात तर वेगळा धागा काढा, इथे ताईंचं चालू आहे.

अक्षरजुळणी
बुधवार, सकाळी ९.१५

रात्रभर केलं. जुनी स्टिक एकटी, चार पास, शून्य एरर. नवीन स्टिक एकटी, त्याच स्लॉटमध्ये, एक्सएमपी बंद करून सुद्धा पहिल्याच पासमध्ये एरर, कालपेक्षा कमी पण आहेत. म्हणजे नवीनच खराब ना?

जुन्या स्टिकवर मशीन चालू केलं तर परत ऑटोमॅटिक रिपेअर आलं, पण या वेळी निळी स्क्रीन नाही! पूर्ण चाललं आणि शेवटी म्हणालं की दुरुस्त करता आलं नाही. मेनू व्यवस्थित आहे, कीबोर्ड माऊस चालतोय. आता?

रात्रपाळी
बुधवार, सकाळी ९.५०

हो, नवीन स्टिक खराब. वॉरंटीत द्या, मेमटेस्टच्या स्क्रीनचा फोटो जोडा.

आणि ते "दुरुस्त करता आलं नाही" ही चांगली बातमी आहे, मी पहिल्या दिवशी म्हणालो होतो तसं, विनआरई आता जसं वागायला हवं तसं वागतेय. विंडोज मोडलंय हे खरंय, तीन आठवडे खराब रॅमने काय काय चुकीचं लिहिलं असेल कोण जाणे आणि वर तो अर्धवट रीसेट. पण आता तुमच्या पायाखाली जमीन आहे.

आता फक्त डेटा. ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, कमांड प्रॉम्प्ट. बिटलॉकरची की मागेल, द्या. मग नोटपॅड असं टाइप करून एंटर करा. हो, साधं नोटपॅड. त्यात फाइल मेनूमधून ओपन करा आणि खाली "ऑल फाइल्स" निवडा, तुमचे सगळे ड्राइव्ह दिसतील, फोल्डरवर राइट क्लिक करून कॉपी आणि बाहेरच्या डिस्कवर जाऊन पेस्ट. कॉपी किती झालं ते दिसत नाही, खिडकी गोठल्यासारखी वाटेल, धीर धरा. एकदम सगळं उचलू नका, फोल्डर फोल्डर करून घ्या, पत्रं सगळ्यात आधी. ड्राइव्हची अक्षरं इथे बदललेली असतात, सी म्हणजे तुमचा सी असेलच असं नाही, नावावर जाऊ नका, आत काय आहे ते बघा.

पानगळ
बुधवार, सकाळी १०.२५

अजून एक, अक्षरजुळणी. ज्या फाइल तीन आठवड्यांपूर्वीच्या आहेत आणि नंतर हात लावला नाही त्या जवळपास नक्की चांगल्या असतील, कारण डिस्कवर लिहिताना रॅम चांगली होती. शंका घ्यायची ती रॅम बसवल्यानंतर तयार केलेल्या किंवा सेव्ह केलेल्या फाइलवर. तारखेने लावून त्या वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि एक एक उघडून बघा. आणि अर्धा बॅकअप आहे म्हणालात, त्याच्यावर नवीन कॉपी टाकू नका, तो तसाच राहू दे. माझ्याकडे एकदा चांगल्या बॅकअपवर खराब फाइल चढली होती, आईच्या आवाजातलं रेकॉर्डिंग होतं, परत मिळालं नाही.

अक्षरजुळणी
बुधवार, रात्री १०.३०

पत्रं मिळाली. सगळी. २१४ पानं, प्रत्येक पान उघडून बघितलं, संध्याकाळ त्यातच गेली आणि मधे दोन-तीन पत्रं वाचत बसले. पानगळ, तुमचं वाचून मी आधीचा बॅकअप वेगळा ठेवला आणि आता तिसऱ्या डिस्कवर पण एक प्रत केलीय. तुमच्या आईच्या रेकॉर्डिंगचं वाचून फार वाईट वाटलं.

पुस्तकांपैकी दोन झिप फाइल उघडत नाहीयेत, दोन्ही गेल्या तीन आठवड्यांतल्याच, पण मूळ फाइल आहेत म्हणून परत बनवता येतील. एका पुस्तकाचं सतरावं प्रकरण उघडताना प्रोग्राम एरर देतोय, त्याची मागची आवृत्ती लेखकाला मेलवर पाठवलेली सापडली, चार दिवसांचं काम परत करावं लागेल, ते मी करेन.

आता विंडोज दुरुस्त करू की नव्याने टाकू?

टर्मिनलवाला
बुधवार, रात्री ११.००

नव्याने. एरवी मी म्हणालो असतो की आधी डिसम या कमांडने अडकलेल्या अपडेट मागे घ्या, मग सिस्टम फाइल चेकर ऑफलाइन चालवा, बूटच्या फाइल बीसीडीबूट या कमांडने परत लिहा, आणि अपडेट फसल्यामुळे किंवा बूट बिघडल्यामुळे पडलेली मशीन त्याने उठतात पण. पण सिस्टम फाइल चेकर फक्त विंडोजच्या स्वतःच्या फाइल तपासतो, रजिस्ट्रीत किंवा तुमच्या प्रोग्राममध्ये काय चुकीचं लिहिलं गेलंय ते त्याला कळत नाही. तीन आठवडे खराब रॅमवर चाललेल्या आणि अर्धवट रीसेट झालेल्या विंडोजवर तुम्ही लोकांची पुस्तकं ठेवावीत असं मला वाटत नाही.

पेन ड्राइव्ह पण परत बनवा, तो बहिणीच्या लॅपटॉपवर बनवला असला तरी मधे दोनदा तुमच्या मशीनवर चालला आहे. सेटअपमध्ये जुनी पार्टिशन उडवण्याआधी बाहेरच्या डिस्क काढून ठेवा, चुकून भलतीच डिस्क निवडली जायला नको.

रात्रपाळी
बुधवार, रात्री ११.२०

मी पण हेच म्हणेन. इन्स्टॉल झालं की दोन गोष्टी बघा. ॲडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून रीएजंट-सी इन्फो (reagentc /info) चालवा, विनआरई "एनेबल्ड" दिसायला हवं, डिसेबल्ड असेल तर पुढच्या वेळी रिकव्हरीचा मेनूच येणार नाही. आणि विंडोज अपडेट पूर्ण करून घ्या. १४ ऑक्टोबर २०२५ च्या अपडेटनंतर विनआरईत यूएसबी कीबोर्ड आणि माऊस चालायचे बंद झाले होते, मेनू समोर दिसतोय आणि काही दाबता येत नाही अशी अवस्था, २० ऑक्टोबरला त्याची दुरुस्ती आली. म्हणून अपडेट झाल्यावर एकदा शिफ्ट दाबून रीस्टार्ट करा आणि मेनूत कीबोर्ड चालतो का ते स्वतः बघून परत या.

बिटलॉकरची की आता नवीन असेल. जुन्या कागदावर काट मारा.

अक्षरजुळणी
शुक्रवार, दुपारी १२.१५

झालं. सेटअप एकदाही अडखळला नाही, तोच सेटअप जो रविवारी दोनदा पडला होता. विनआरई एनेबल्ड आहे, कीबोर्ड चालतोय, नवीन की लिहिली आणि जुनी खोडली. स्टिक वॉरंटीत स्वीकारली, बदलून यायला दहा दिवस म्हणालेत, तोपर्यंत १६ जीबीवरच काम करतेय आणि चालतंय.

नवीन स्टिक आली की बसवण्याआधीच एकटी टेस्ट करू ना? आणि मग दोन्ही मिळून परत?

रात्रपाळी
शुक्रवार, दुपारी १२.४०

हो, आधी एकटी चार पास, मग दोन्ही मिळून चार पास, एक्सएमपी बंद ठेवून. ते पास झालं की एक्सएमपी चालू करून अजून एकदा. तेवढे दिवस कामाच्या फाइल रोज बाहेरच्या डिस्कवर तारखेच्या फोल्डरमध्ये ठेवत जा, जुन्यावर चढवू नका. काही लाल दिसलं तर इथेच लिहा.